गाडीच्या भाराइतका गूळ

येळ्ळूर,
चैत्र सरत आला.

ती. रविराज दाजी यांना,

येळ्ळूरहून धाकटा मेहुणा कल्लाप्पा याचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द रिवाजापुरता धरावा. सध्या कंबर धरलेली आहे आणि मला जेमतेम मान लववता येते. कंबर का धरली ते ओघाने येईल.) तुमची प्रकृती आता कशी आहे? छातीत बसवलेली ती बारीक स्प्रिंग नीट रुळली ना? जिना चढताना दम लागायचा तो कमी झाला का? आक्काच्या टाचेचे दुखणे थांबले का? इकडे आई खुशाल, घरवाली रक्षा खुशाल, म्हैस खुशाल, आणि तुमची स्पोर्ट्स कार म्हशीच्या शेजारी, गोठ्यात, ताडपत्रीखाली खुशाल. हे सगळे फोनवर का सांगत नाही असे तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही "थोडक्यात सांग" म्हणता. ही गोष्ट थोडक्यात सांगितली तर तुम्ही मला एकट्याला वेड्यात काढाल. सविस्तर सांगितली तर आम्हा सगळ्यांना मिळून काढाल, आणि तेवढाच माझ्यावरचा भार हलका होईल. हे पत्र आक्काला वाचून मात्र दाखवू नये, अशी विनंती आहे.

दिवाळीत तुम्ही गाडी घेतल्याचा फोन केलात, तो आठवतो का? आई शेजारीच वाती वळत बसली होती. तुम्ही म्हणालात, "आई, गाडी लई हलकी आहे, वाऱ्यावर जाईल." तुम्ही कौतुकाने म्हणालात हो, पण आमच्याकडे हलके म्हणजे काय? हलके भात म्हणजे आत दाणा नसलेले. हलके लुगडे म्हणजे दोन धुण्यांत जाळी होणारे. आईचा चेहरा पडला. आधीच जावयाच्या छातीत स्प्रिंग, त्यात वाऱ्यावर जाणारे वाहन, आणि शेजारच्या शिटावर आपली लेक. तिन्हीसांजेला तिने देवापुढे दिवा लावला, चांगळेश्वरीच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "लेक-जावई त्या गाडीतनं सुकरूप माझ्या दारात उतरू देत, गाडीच्या भाराइतका गूळ वाटीन." रक्षाची भाकरी तव्यावर करपली. लेकराच्या भाराइतका गूळ आपल्यात वाटतात, नवरदेवाच्या भाराइतके नारळ दिलेलेही मी पाहिले आहेत. पण कुणी वाहन पारड्यात घातल्याचे ऐकिवात नव्हते. हलकी म्हटल्यामुळे आईने दोन-तीन पोत्यांचा अंदाज बांधला असावा, असे आम्ही धरून चाललो.

मग मी तुम्हाला गाडीचे वजन विचारले आणि तुम्ही अभिमानाने "तेराशे दहा किलो फक्त" म्हणालात. (त्यातला 'फक्त' मी आईला सांगितला नाही.) पुढे तुम्ही वजन कमी असले की वळणावर गाडी कशी बिलगून जाते, हे अर्धा तास समजावलेत. मी हुं हुं म्हणत होतो आणि मनात गुळाचे रवे मोजत होतो. निपाणीकडे आपल्या मष्णूचे, म्हणजे माझ्या मावसभावाचे, गुऱ्हाळ आहे. आपले भात त्याच्याकडे गेले आणि त्याचा गूळ आपल्याकडे आला. दहा-दहा किलोचे एकशे एकतीस रवे. ते उतरवताना मष्णू म्हणाला, "काय रं, कुणाचं लगीन हाय?" मी म्हणालो, गाडीचं. त्याने पुढचा रवा खांद्यावर घेतला. आमच्या घराबद्दल त्याचे मत मावशी असल्यापासूनच ठरलेले आहे.

आता हा गूळ ठेवायचा कुठे? माजघरात मुंग्या आणि गोठ्यात म्हैस. शेवटी माझ्या निजण्याच्या सोप्यात भिंतीला लावून तो रचला, वर गोणपाट टाकले, खाली हळदीची रेघ ओढली. त्या दिवसापासून मी गुळाच्या भिंतीशेजारी निजतो. दाजी, तुम्ही कधी गुळाजवळ झोपला आहात का? पहिले काही दिवस फक्त वास येतो. मग वास येईनासा होतो आणि स्वप्ने यायला लागतात. सगळी पिवळसर, संथ, काकवीतून चालल्यासारखी. एका स्वप्नात तुमची गाडी मी न बघताच पाहिली. ती भाताच्या कापलेल्या शिवारावरून, धुक्याच्या थोडी वर, आवाज न करता चालली होती. मी आत होतो. राजहंसगडाचा बुरूज हाताला लागेल इतका जवळून गेला. खाली आमच्या दारात आक्का परकर-पोलक्यात बसून वेणी घालून घेत होती आणि आई तिच्या केसांत तेल जिरवत होती. मी वरून हाक मारली, तर आक्का मान वर करून म्हणाली, "खाली ये की रं, भात निवतोय." मला खाली येता येईना, कारण गाडीला वजनच नव्हते. जागा झालो तेव्हा डोळे ओले होते. रक्षा म्हणते तो गुळाचा उग्रपणा. असेलही.

मग गाडी आली. तुमचा फोन आला होता की सोसायटीच्या तळघरात पाणी झिरपते आहे, सबब गाडी येळ्ळूरला पाठवतो. (आक्काने रक्षाला सांगितलेले कारण वेगळे आहे. तुम्ही रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडीत बसता, चालू करत नाही, नुसते स्टिअरिंगला हात लावून बसता, आणि वर येऊन जेवत नाही. ते तिला बघवेना. हे मला ठाऊक नाही असे समजावे.) आईने फक्त 'गाडी येतीया' एवढेच ऐकले. सकाळपासून तिने दारात सडा घातला, ओवाळायला ताट केले, दृष्ट काढायला भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. निम्मी गल्ली जमली. आणि तुमची गाडी लॉरीच्या पाठीवर बसून आली, दोऱ्यांनी बांधलेली. खाली उतरवल्यावर आई पुढे गेली. दोन्ही बाजूंनी काचेला हात लावून आत डोकावली. दोन्ही शिटांवर प्लॅस्टिक होते. "मोकळीच आली व्हय," एवढेच म्हणाली. तरीही तिने गाडीला ओवाळले, तुकडा उतरून टाकला, आणि आत जाऊन चहा केला तो बिनगोडाचा. त्या दिवसापासून आईने गोड सोडले आहे. घरात तेराशे किलो गूळ आणि म्हातारी कोरा, कडू चहा पिते, हे मला रोज बघावे लागते. नवस फिटेपर्यंत गूळ कुणी चाखायचा नाही, असा तिचा हुकूम आहे.

त्यानंतर आईला वजनाची शंका आली. तिचे माहेर निपाणीकडचे, उसातले. उसातल्या माणसाचा काट्यावर जेवढा अविश्वास असतो तेवढाच कागदावर असतो. मळ्यात ऊस भरताना असतो जड आणि मोजताना होतो हलका, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. "पुस्तकात काय बी लिवतील. काट्यावर घाल," म्हणाली. तिला वाटत होते की गाडी कमीच भरेल, कारण विकणारा आपला माल नेहमी जास्तच सांगतो. मलाही तसेच वाटले. दाजी, इथेच आपण सगळे फसलो. जगात असा एक धंदा आहे ज्यात विकणारा आपला माल कमी वजनाचा सांगतो, आणि जितका कमी सांगेल तितका गिऱ्हाईक खूश होते. हे ऐकून मष्णूने हातातली पळी खाली ठेवली.

वडगावच्या रस्त्याला आण्णाप्पाचा वजनकाटा आहे. तिथे विटांच्या लॉऱ्या आणि भाताचे ट्रॅक्टर तोलले जातात. मी ट्रॅक्टर चालवलेला माणूस. ट्रॅक्टरवर चढतात, तुमच्या गाडीत मात्र पंगतीला बसल्यासारखे खाली उतरावे लागते. बसलो. रस्ता पोटाखालून सरकताना दिसत होता, सगळी माणसे उंच झाली होती, एक कोंबडी माझ्या नजरेला नजर देऊन गेली. गतिरोधक तिरके तिरके ओलांडत, बैलगाडीच्या चालीने, मी वडगाव गाठले. पुढे विटांची लॉरी, मागे भाताचा ट्रॅक्टर, मध्ये मी. काट्यावर चढताना गाडीचे पोट घासले, तेव्हा लोकांनी फळ्या आणून घातल्या. गाडी काट्यावर उभी राहिली आणि आण्णाप्पाने खिडकीतून आकडा ओरडून सांगितला, चौदाशे पंचावन्न. (मी खिडकीशी जाऊन स्वतः आकडा पाहिला नाही. त्यालाही कारण आहे.) भाताचा ट्रॅक्टरवाला मागून म्हणाला, "आवो, एवढीशी गाडी, खाती काय?"

पुस्तकापेक्षा एकशे पंचेचाळीस किलो जास्त! घरी येऊन मी गाडीच्या कप्प्यातले पुस्तक काढले. वजनाच्या आकड्याला एक चांदणी आहे, आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात त्या चांदणीचा खुलासा आहे. शेजारच्या पोराच्या मोबाइलवर अक्षरे मोठी करून वाचली. हे वजन कोरडे आहे. म्हणजे इंजिनात तेल नाही, नळ्यांत पाणी नाही, टाकीत पेट्रोल नाही. वर पुन्हा ते सगळ्यात हलक्या प्रकारच्या गाडीचे आहे, पातळ शिटांच्या आणि गाण्याच्या पेटीशिवायच्या. तुमच्या गाडीत गाण्याची पेटी आहे, विजेवर पुढेमागे होणारी शिटे आहेत, आणि ती शिटे बुडाला ऊब देतात. (दाजी, बेळगावच्या चैत्रात ते बटण चुकून दाबले गेले. त्याविषयी मी काही लिहिणार नाही.) आणि चालक? चालकही त्या वजनात धरलेला नाही.

गल्लीत दोन तट पडले, कोरडे आणि ओले. कोरड्यांचे म्हणणे, पेट्रोल हे गाडीचे जेवण. नवस गाडीचा आहे, जेवणाचा नाही. ओल्यांचे पुढारी भरमूकाका. ते म्हणाले की लेकराला गुळाने तोलतो तेव्हा त्याचे पोट रिकामे करून तोलतो काय? अंगातले रक्त काढून ठेवतो काय? यावर कोरड्यांनी कंपनीला पत्र पाठवावे असा ठराव मांडला. कंपनीचे नाव कुणालाच नीट म्हणता आले नाही, म्हणून तो बारगळला.

मला मात्र त्या कोरड्या वजनाने वेड लावले आहे. संध्याकाळी म्हशीला वैरण घातली की मी ताडपत्री जरा सारून गाडीकडे बघत बसतो. मनात येते, कुठेतरी दूर देशात एक मोठी पांढरी खोली असेल. तिथे सगळी गाडी जोडून झाली आहे, पण तिच्यात अजून तेलाचा थेंब गेलेला नाही, पाणी गेलेले नाही, कुणी दार उघडून आत बसलेले नाही. त्या एका क्षणाला कुणीतरी हळूच तिला तोलत असेल आणि घाईघाईने आकडा लिहून घेत असेल, कारण पुढच्या क्षणी ती जड व्हायला लागणार. जन्मभर पुन्हा तेवढी हलकी ती कधीच होणार नाही. मग मी माझे कोरडे वजन काढायला बसतो. सकाळचा चहा वगळून, दोन भाकऱ्या वगळून. रक्षाची बोलणी वगळून. आईला रोज तो कडू चहा पिताना बघतो, ते वगळून. आक्का सासरी गेली तेव्हा मी वेशीपर्यंत गाडीमागे पळालो होतो, ते वगळून. शेवटी एवढेसे उरते की ते वाऱ्यावर जाईल, आणि असा माणूस वळणावर कितीही बिलगून गेला तरी त्याचा कुणाला काय उपयोग, असे वाटते. म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघते. तिचे कोरडे वजन काढायचा विचार मी केला होता, पण तिच्या डोळ्यांत बघून सोडून दिला.

निकाल शेवटी आईनेच दिला. एकशे पंचेचाळीस किलो जास्त भरले म्हटल्यावर ती घाबरेल असे मला वाटले होते, पण उलट तिचा चेहरा उजळला. का, ते मला तेव्हा कळले नाही. तिने कोरड्यांना आणि ओल्यांना, दोघांनाही गप्प केले. म्हणाली, "मोकळी गाडी म्हंजे वाहन न्हवं, नुस्ता पत्रा. माणूस बसल्यावर जे भरतंय ते वजन. माझी माणसं बसवा, मग तोला." तेव्हा दाजी, स्थिती अशी आहे. मष्णूकडून आणखी पंधरा रवे आले आहेत आणि तेही माझ्या उशाशी आहेत. हवा पावसाळी होत चालली आहे. दुपारी गूळ घामेजतो, गोणपाट चिकटते, मुंग्यांनी हळदीची रेघ ओलांडायला सुरुवात केली आहे. जास्त दिवस नाही टिकायचा तो. गाडी मात्र उत्तम आहे. तिची काळजी नसावी. आक्काला नमस्कार आणि तुम्हाला पुन्हा एकदा, कंबर सांभाळून.

तुमचा (कोरडा नव्हे, तेलपाण्यासह)
कल्लाप्पा

ता. क. एक गोष्ट राहिली. काट्यावरच्या चौदाशे पंचावन्नात मी आहे. आण्णाप्पाच्या काट्यावर ड्रायव्हर गाडी उभी करून चहाला उतरतात, म्हणून त्याने बघितले नाही. मी उतरायला गेलो आणि कंबर धरली ती तिथे. हाक मारावी म्हणून काच खाली करायचे बटण दाबले, तर वायपर सुरू झाले. (ते उबेचे बटणही त्याच गडबडीतले.) लोकांना वाटले मी मुद्दाम ऐटीत बसलो आहे. माझे सत्तर-बहात्तर किलो वजा केले तरी गाडी पुस्तकापेक्षा सत्तर-एक किलो जास्तच भरते, तेव्हा ओल्यांचे म्हणणे तसे खरेच आहे. पण हे गल्लीत कळता कामा नये. भरमूकाकांनी माझ्या भरवशावर फार मोठे बोलून ठेवले आहे.

ता. क. दुसरा. मूळ काम हे की तुम्ही दोघे या. डॉक्टरांनी लांब गाडी चालवायची नाही म्हणून सांगितले आहे, ते ठाऊक आहे. रात्रीच्या रेल्वेने बेळगावला उतरा. मी वेशीवर गाडी आणून ठेवतो. वेशीपासून दारापर्यंत तुम्ही चालवायची, बैलगाडीच्या चालीने. तेवढ्याला डॉक्टर काही म्हणणार नाहीत आणि म्हणाले तर त्यांना गूळ देऊ. आक्का शेजारी बसेल. उतरताना दोघांना हात धरून काढायला निम्मी गल्ली उभी असेल. तुम्ही तीन वर्षे 'पुढच्या महिन्यात' म्हणता आहात. गूळ पुढच्या महिन्यापर्यंत राहणार नाही.

ता. क. तिसरा. पाकिटाला डिंक लावत होतो, तेव्हा आईने काय लिहिले म्हणून विचारले. मी म्हणालो, देवीचा नवस अडला आहे म्हणून लिहिले. तर वाती वळता वळता म्हणाली, "देवीला काय, तिला चिमूटभर ठेवला तरी चालतंय. माझ्या लेकीला, इंदीला गूळ आवडतोय." मी म्हणालो, मग गाडीच्या भाराचा कशाला बोललीस? गाडी हलकी आहे असे वाटले होते का तुला? तिने माझ्याकडे असे बघितले की मी आठ वर्षांचा झालो. "एवढं लोखंड हलकं असतंय व्हय रं? नुस्तं ये म्हटलं की येत न्हाय ती. म्हणून गाडीएवढं म्हटलं."

तेव्हा हे पत्र आक्काला वाचून दाखवावे. शिटांवरचे प्लॅस्टिक मी काढून ठेवले आहे.